आजीला खुर्ची हवी

१९ एप्रिल, रविवार. वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांची देठं काढत बाहेरच्या खोलीत बसले होते, कारण स्वयंपाकघरात शूटिंग होतं. मुलगी दहा मिनिटांची मालवणी फिल्म करत होती. मागून आणलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता आणि सगळी फिल्म माझ्या सासूबाईंवर अवलंबून होती. गॅसपाशी माशाची आमटी ढवळत नातीशी बोलणारी आजी त्यांनी करायची, एवढंच.

सासूबाई घरात मालवणीच बोलतात. कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र म्हणाल्या, "ये, बस. आपण काय घेणार?" थेट टीव्हीवरच्या बातम्या.

"अगं आजी, रोज बोलतेस तसं बोल ना!"

"सिनेमात मालवणी कोण बोलता? घरगडी नायतर हवालदार. तेंनी तोंड उघडला की लोक हसतत." मग दारातून माझ्याकडे बोट दाखवून, "तुझी आवस पण हसलेली."

खरं होतं. मी दादरची, माहेरी सगळे सरकारी कारकून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांचं 'माका-तुका' ऐकून मला हसू फुटलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी ते एकदाही काढलं नव्हतं. सबब सांगण्यात अर्थ नव्हता. मी हात धुतले आणि विचारलं, "आई, काय केलं तर बोलाल?"

उत्तर तयारच होतं. "माका खुर्चेर बसय. रांदूक मी उभी रवचंय नाय. गावचा घर इकूचा का नाय, ता मी सांगतलंय. वकील मालवणीत बोलतलो. आणि घरगड्याक पुणेरी बोलूक लाय."

मुलगी हसत सुटली, पण वही काढून लिहायलाही लागली. आमटी गेली, खुर्ची आली. वकील झाला शेजारचा बँकवाला, तो कणकवलीचाच. सासूबाईंनी एका दमात घर विकायला नकार दिला, आणि असा दिला की वकील खरोखर उठून उभा राहिला.

"सुनेचा काम बाकी आसा," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "ता हिना करूचा."

सोमवारी सकाळी सात वाजता मी ऑफिसचा ड्रेस घालून त्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तुमी सांगशात तसा." पहिल्या चार वेळा सासूबाई पोट धरून हसल्या. पाचव्यांदा जमलं. मग डबा भरला आणि कामावर गेले.