पगार सांगणाऱ्या परातेताई

मुलाखतीत मला विचारलं, "पगार किती अपेक्षित आहे?" मी घाबरत एक आकडा सांगितला. समोर बसलेल्या तिघांपैकी दोघांनी खूश होऊन माना डोलावल्या. तिसऱ्या होत्या परातेताई. जाड काठांची सुती साडी, डोक्यावर सरकवलेला चष्मा. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"बाहेर जा वं पोरी, पाणी पी, अन् पुन्हा येऊन सांग. आत्ता तू तुह्या भीतीचा भाव सांगितला. मले कामाचा पाहिजे."

मी खरंच बाहेर गेले, पाणी प्याले, आत येऊन जरा मोठा आकडा सांगितला. बाकीचे दोघे हसले. नोकरी मिळाली आणि जवळपास तोच पगार मिळाला. घरी रामटेकला फोन करून सांगितलं, तेव्हा बाबांना आधी विश्वासच बसेना.

आमची कंपनी नागपूरच्या आयटी पार्कमधली, कामही पगारांचंच. कुठल्या शहरात कुठल्या कामाला काय मिळतं, कुठे वाढतंय, कुठे घसरतंय, याचे अहवाल आम्ही परदेशी कंपन्यांसाठी बनवायचो. दिवसभर जगाचे पगार मोजणारी आम्ही माणसं स्वतःचा पगार मात्र शेजारच्या खुर्चीलाही कळू द्यायचो नाही. परातेताई तेवढ्या अपवाद. नवा माणूस आला की त्या आपलं नाव, गाव आणि पगार एका दमात सांगायच्या. कंपनीने एकदा समज दिली, तर म्हणाल्या, "कंपनीचं गुपित नाही सांगून राहिली मी. माझ्या घरात काय येते, ते सांगून राहिली."

ही सवय कुठून आली, ते त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. त्या उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. वडील हातमागावर विणायचे. व्यापारी प्रत्येक विणकराला बाजूला घेऊन सांगायचा, तुला चार पैसे जास्त देतोय, कुणाजवळ बोलू नको. "बाबा आयुष्यभर खूश होते वं. त्याहीले वाटे, आपल्यावर मेहेरबानी हाय. मंग बाया एकदा नळावर बोलल्या, तवा समजलं, साऱ्याहीले तेवढंच भेटते." हे सांगताना त्या हसत होत्या, पण डब्यातली पोळी तशीच राहिली होती.

त्या आधी एका कॉलेजात कंत्राटावर संख्याशास्त्र शिकवत. चाळिशी ओलांडल्यावर या क्षेत्रात आल्या आणि पोरांच्या बरोबरीने प्रोग्रामिंग शिकल्या. आमच्याच पेशाचा, म्हणजे डेटा विश्लेषकांच्या पगाराचा अहवाल दरवर्षी त्यांच्याकडे असायचा. तो पूर्ण झाला की त्या आम्हाला कँटीनमध्ये बसवून त्याचा अर्थ समजावत. "तक्ता आता मशीनबी काढते. नुसते तक्ते काढणाऱ्याचा पगार थांबून राहिला. जो तक्ता पाहून 'हे चुकलं हाय' म्हणते अन् काहून चुकलं ते सांगते, त्याले लोक शोधून राहिले. तुमी दुसऱ्या रांगेत या." दुसऱ्या रांगेत येण्यासाठी शनिवारी दुपारी त्या आमच्याकडून जुनी कामं उकरून तपासून घेत. शनिवार गेल्याची आम्ही कुरकूर करायचो. शिकलो मात्र.

मग रोहित आला. नागपूरच्याच जरीपटक्याचा मुलगा, पुण्यात काही वर्षं काढून घरी परतलेला. आमच्याच टीममध्ये, आमचंच काम. ताईंनी रिवाजाप्रमाणे स्वतःचा पगार सांगून त्याला विचारलं. बिचाऱ्याने सरळ सांगून टाकला. तो पगार ताईंच्या पगारापेक्षाही बराच जास्त होता, आणि त्याला काम शिकवत होत्या ताईच.

रोहित ओशाळला. दुसऱ्या दिवशी तो वेगळा जेवायला बसला, तर ताई डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसल्या. "तू काहून लपून राहिला गा? तुले जास्त नाही भेटून राहिलं. आमाले कमी भेटून राहिलं. तू आमच्यासंग चाल साहेबाकडे."

तो आला. आमचे मॅनेजर देशकर सर सज्जन माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रोहितचा पगार पुण्याच्या हिशोबाने ठरलाय. नागपुरात राहायला खर्च कमी, ताई. वरचे लोक तेच बघतात."

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, क्लायंटले बिल लावता, तवा नागपूरचं काम म्हणून कमी लावता काय?"

सरांनी तो प्रश्न लिहून घेतला. मग मुख्य कार्यालयाला जसाच्या तसा कळवला, हा त्यांचा मोठेपणा.

काही आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं ते एकट्या ताईंसाठी. बढती, भरघोस पगारवाढ, आणि हे आपल्यातच राहू द्या, अशी विनंती. त्यांची मुलगी तेव्हा हैदराबादला शिकत होती, खर्च वाढला होता. पत्र आल्याचं त्यांनी सकाळीच आम्हाला सांगितलं होतं, आणि त्या नाही म्हणतील, असं मला उगाच वाटत होतं. दुपारी त्या कँटीनमध्ये आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मी घेतला. सोडाले मी काय संत हाय? आता आयका, किती घेतला." आणि आकडा सांगून टाकला.

त्यानंतर कुणाला गप्प ठेवणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी आपापले आकडे सांगितले, रोहितने पुन्हा सांगितला, आणि आम्ही सगळे मिळून सरांच्या केबिनमध्ये गेलो. ताईंना त्याबद्दल कडक शब्दांतलं पत्र मिळालं. त्या दिवशी मुलीच्या फीची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण वर्ष संपण्याआधी कंपनीने शहर न बघता कामाप्रमाणे पगार ठरवले. त्या संध्याकाळी आम्ही सीताबर्डीला जाऊन पाणीपुरी खाल्ली. पैसे रोहितने दिले. त्याचा एक रुपयाही वाढला नव्हता, आणि सगळ्यांत जोरात तोच हसत होता.

ताई पुढे दोन-तीन वर्षं राहिल्या. मग एका मोठ्या कंपनीने घरून काम करायची मुभा देऊन त्यांना बोलावलं. शेवटच्या दिवशी संत्रा बर्फी आली, हार आला. देशकर सर गहिवरून म्हणाले, "ही कंपनी म्हणजे ताईंचं घरच होतं."

ताई उत्तराला उठल्या. डोळे त्यांचेही ओले होते.

"घर मले उमरेडले हाय, सर," त्या म्हणाल्या. "इथं मी कामाले येत होती. चांगलं काम केलं, त्याचा चांगला पगार घेतला, चांगली माणसं भेटली. माणसाले अजून काय पाहिजे?"

मग त्यांनी बर्फीचा आणखी एक तुकडा उचलला आणि उमरेडची बस गाठायला निघाल्या.