भाकरीशिवायचे दोन महिने

पॅलिओ हा शब्द आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाने आणला. तो पुण्यात असतो. वर्षभर त्याने ते पथ्य पाळलं होतं आणि दिवाळीला आला तेव्हा त्याची पँट कमरेवर राहत नव्हती. त्याच सुमारास माझ्या तपासणीत साखर काठावर आलेली होती. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, आधी खाण्याकडे बघा. मी बुलढाण्याला न्यायालयात लघुलेखक आहे. दिवसभर बसून लोकांच्या साक्षी टाइप करायच्या, आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा खायचा. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

यजमान मलकापूरच्या एका शाळेत शिकवतात. सकाळी साडेसहाच्या बसने घाट उतरायचा, संध्याकाळी चढून यायचं. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. मुलगी अकरावीत, शिकवणीच्या दोन वेळांमध्ये उभ्याउभ्या बिस्किटं खाणारी. आणि सासूबाई. मामंजी गेल्यावर मोताळ्याजवळच्या गावाहून त्या आमच्याकडे राहायला आल्या. गावचं वावर आता त्यांचा पुतण्या बटईने, अर्ध्या वाट्यावर, करतो आणि दरवर्षी आम्हाला घरची ज्वारी आणि तूर पोचवतो.

भावाने फोनवर यादी पाठवली. गहू, ज्वारी, तांदूळ, सगळ्या डाळी, शेंगदाणे, दूध, साखर बंद. अंडी, मटण, मासे, भाज्या, फळं, रताळी चालतील. माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खात होता ते खायचं, असं मी सासूबाईंना समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे वावर नव्हतं तवाचं?"

"हाव, आई."

"मंग आपण वावर काऊन पेरून राह्यलो?"

आम्ही हसलो, त्याही हसल्या. त्यांना या पथ्यात धरायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची भाकर कोण काढून घेणार? ज्वारीचं पीठ त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात ठेवलं आणि सोमवारपासून आम्ही तिघांनी सुरुवात केली.

पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पिण्यापेक्षा तो सोडलेला बरा वाटला. यजमानांच्या डब्यात उकडलेली अंडी आणि भेंडीची भाजी पाहून त्यांच्या सोबतच्या शिक्षकांनी अंड्याचा उपास कोणत्या देवाचा असतो अशी चौकशी केली. थंडीत भरताची वांगी आली. मी ती भाजून, हिरवी मिरची आणि पातीचा कांदा घालून भरीत केलं, आणि तिघेही चमच्याने खायला बसलो. मुलगी म्हणाली, हे औषध घेतल्यासारखं वाटतं. शनिवारी यजमान मलकापूरहून मासे आणायचे. एकदा पिशवी गळायला लागली, तेव्हा कंडक्टरने त्यांना अख्खा घाट दारात उभं केलं.

पण मग अंगवळणी पडलं. वेळ नाही ही आमची नेहमीची तक्रार होती, आणि गंमत म्हणजे आता वेळ उरायला लागला. कणीक मळायची नाही, कुकर लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी भाज्या चिरून ठेवल्या की सकाळी अर्ध्या तासात तिघांचे डबे तयार. दुपारी टाइप करताना मला पेंग यायची ती थांबली. यजमान जिना न थांबता चढू लागले. मला स्वतःचा जरा अभिमानच वाटायला लागला होता, ऑफिसात दोघीतिघींना मी ती यादी पाठवलीसुद्धा.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी रोज आपल्यापुरती भाकर थापली. मग म्हणाल्या, मलेही तुमच्यासारखंच वाढ, एकटीसाठी तवा कुठं ठेवू. बाजारातून मेथी, चिवळ, हरभऱ्याचा पाला त्या स्वतः निवडून आणत. ताटात घेत मात्र थोडं. मी दोनदा आग्रह केला. त्यांनी भूक नाही म्हणून सांगितलं आणि मी ते धरून चालले, कारण तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

दोनेक महिन्यांनी एक दिवस साक्षीदार आला नाही म्हणून काम लवकर आटोपलं आणि मी दुपारी एकलाच घरी आले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंचं दार उघडं होतं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मुलं बाहेरगावी असल्याने एकट्याच राहतात. किल्ली त्यांच्याकडे असेल म्हणून मी आत गेले. स्वयंपाकघरात सासूबाई खाली बसून जेवत होत्या. ताटात भाकर कुस्करलेली, वर तुरीचं वरण, बाजूला ठेचा. मला पाहून त्यांचा हात ताटातच थांबला.

मला आजवर त्यांच्या चेहऱ्यावर कधी अपराधी भाव दिसला नव्हता. तो तेव्हा दिसला, आणि तो माझ्यामुळे होता.

काकूच म्हणाल्या, "रोज येतात त्या. मले सोबत होते. एकटीले जेवण जात नव्हतं माह्यं."

मी चपला काढून तिथेच बसले. काकूंनी न विचारता माझ्यासमोर ताट ठेवलं. मी अर्धी भाकर खाल्ली. सासूबाईंनी उरलेलं जेवण पूर्ण केलं, एवढंच मी बघत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, तुमच्यासाठी पीठ ठेवलं होतं, मग असं का केलं? पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी एका दुष्काळात घरातली ज्वारी संपली होती. त्यांची आई बांधावरचा पाला आणून मीठ घालून शिजवायची आणि तो सगळ्यांना वाढायची. असे कितीतरी दिवस गेले. त्यांचे वडील रस्त्याच्या कामावर गेले आणि पहिल्या आठवड्याच्या मजुरीची ज्वारी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या आईने पहिली भाकर थापली आणि तव्यावर टाकताना ती रडली. हे सगळं मी लग्नानंतरच्या वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी खुशीनं खाता, मले समजते," त्या म्हणाल्या. "पन पोराच्या ताटात नुसती भाजी पाह्यली का मले वाटे, घरातली ज्वारी सरली. अन् त्याच्यासमोर म्या एकटीनं भाकर कशी खावी?"

संध्याकाळी यजमान आल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते बूट काढता काढता थांबले. आईजवळ जाऊन बसले. मग उठले, कोठीतून पायलीभर ज्वारी काढली आणि स्वतः गिरणीत घेऊन गेले. परत आल्यावर म्हणाले, "माय, दोन थाप. एक मले."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोन नाही, पाच थापल्या. मुलीने तीन दिवसांची भूक असल्यासारखी खाल्ली. मी पाव भाकर घेतली. मला तेव्हाही साखरेची भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती.

पुढच्या तपासणीत माझी साखर उतरलेली निघाली. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, भाकरीसकट. ते म्हणाले, दुपारी अर्धी खाल्ली तर बिघडत नाही, बेकरी आणि साखर मात्र परत आणू नका. आता आमचं खाणं पॅलिओ राहिलेलं नाही. भावाला कळलं तेव्हा तो फोनवर निराश झाला. गव्हाच्या पोळ्या आणि बिस्किटं गेली ती गेलीच. सकाळी अंडी, रात्री भाजी आणि रविवारी मटण. यजमान रात्री एक भाकर आईसमोर बसून खातात. वजन थोडं परत आलं, गुडघे पूर्वीइतके दुखत नाहीत. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात, तिथे मी पथ्य काढलं नाही, वाटीभर घेतली.

सासूबाई दुपारचं जेवण अजूनही काकूंकडेच करतात. मी एकदा म्हटलं, आता घरात भाकर असते ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला प्रश्नच विचित्र वाटला. एक वाजला की त्या आपल्या दोन भाकरी फडक्यात बांधतात, वाटीत भाजी घेतात आणि पलीकडे जातात. दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते. मग मीही माझी अर्धी भाकर घेऊन त्यांच्या मागोमाग जाते, आणि आम्ही तिघी काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवतो.