मुलाखतीचा निरोप कुणी दाबला?

अन्याय झाला तो वैशालीवर. जुलैतल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता. विद्यापीठाच्या इमारतीत शिपायाने तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, कुणी उठलं नाही, आणि संशोधन फेलोशिपच्या मुलाखतीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. वैशाली त्या वेळी तिथून हाकेच्या अंतरावर होती. ग्रंथालयात बसून आपल्या प्रबंधाची टिपणं काढत होती. आज आपली मुलाखत आहे, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

ही केस माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये. माझं वय बघून लोक मला निवृत्त म्हणायला बिचकतात. मी वयाने निवृत्त झाले नाही, पोलिसातून राजीनामा देऊन बाहेर पडले. त्याआधी खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, दारू पिऊन भावाचं डोकं फोडणारे भाऊ पाहिले. या केसमध्ये रक्ताचा थेंब नव्हता, कुलूप तुटलं नव्हतं. तरीही सांगते, माझ्या सेवेतला सगळ्यात निर्लज्ज गुन्हा हाच. वैशाली हे नाव बदललेलं आहे. बाकी कुणाचं नाव घेणार नाही.

मी तेव्हा दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. मंगळवारी दुपारी, हजेरी आणि बंदोबस्ताचं वाटप आटोपून मी स्टेशन डायरी बघत होते, तेव्हा वैशालीसह चार विद्यार्थी आत आले. चौघंही पीएच.डी. करणारे, हुडकेश्वर भागात खोल्या घेऊन राहणारे. चौघांच्याही नावापुढे तोच शेरा, सोमवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या फलकावर लागलेल्या यादीत त्यांना दिसलेला. त्यांच्या पुढे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर संताप. त्यांना सगळे 'फेलोशिपवाले सर' म्हणत. सीताबर्डीत त्यांचा फेलोशिपची तयारी करून घेणारा क्लास होता, आणि ज्यांना क्लास परवडत नाही अशा मुलांचे अर्ज ते रविवारी हुडकेश्वरला येऊन फुकट भरून देत. देवमाणूस, असं मुलं म्हणायची.

"मॅडम, ही गरिबाची पोरं आहेत," सर टेबलावर हात ठेवून म्हणाले. "विद्यापीठातल्या बाबूंनी निरोपच पाठवला नाही. सोडू नका एकालाही!" मग हवालदारांकडे वळून म्हणाले, "काका, सगळ्यांले चहा सांगा. माझ्याकडून."

ठाण्यात पाऊल टाकल्याटाकल्या सगळ्यांना चहा पाजणाऱ्या माणसाकडे मी दोनदा बघते. पण त्या दिवशी मीही चहा प्यायले. चांगला होता.

ठाणेदार साहेबांनी अर्ज वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुलाखत चुकली, यात गुन्हा कुठं आहे? अर्ज घ्या आणि विद्यापीठाकडे पाठवून द्या."

"साहेब, एकाची चुकली असती तर समजलं असतं. चौघांची एकाच दिवशी चुकते?"

"मग काय करणार?"

"जबाब घेते. बाकीच्या उमेदवारांच्या मुलाखती शुक्रवारी संपतात. त्यानंतर यादी बंद होईल. या मुलांची फेलोशिप गेली की संशोधनही गेलं."

साहेब चांगले होते. म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघ. पण बंदोबस्त चुकवायचा नाही."

मी एकेकाचा जबाब स्वतंत्र घेतला. वैशाली भिवापूरची. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते, म्हणजे जिथे बायका दिवसभर रांगेने बसून लाल मिरचीचे देठ खुडतात त्या आवारात. त्या बायकांच्या हातांची आग, त्यांचा वर्षानुवर्षांचा खोकला, हाच वैशालीच्या संशोधनाचा विषय होता. विषय ऐकला आणि मी पेन खाली ठेवलं. अशा विषयाला फेलोशिप द्यायची नाही तर कशाला द्यायची?

"मुलाखतीचा निरोप कसा येणार होता?"

"मोबाईलवर मेसेज येते म्हणे जी. मले नाही आला. रोज पाहून राहिली होती."

"अर्ज तू स्वतः भरलास?"

"मी बाजूलेच बसली होती. टायपिंग सरांनी केलं. त्यांची इंग्रजी चांगली आहे ना. माझा प्रस्ताव वाचून म्हणाले, वैशाली, तुझं पक्कं आहे."

पुढच्या तिघांचेही जबाब झाले. एक मातीवर काम करणारा, एक लोकगीतं गोळा करणारी, एक गणितवाला. आणि तिघांच्याही तोंडून, न विचारता, तेच वाक्य आलं. सर म्हणाले, तुझं पक्कं आहे. जबाब लिहिणारे हवालदार काका मान वर करून माझ्याकडे बघत राहिले.

बुधवारी विद्यापीठातल्या संबंधित लिपिकाला फोन केला. तो आधीच वैतागलेला. "मॅडम, मेसेज गेला आहे. पोचल्याची नोंद आहे आमच्याकडे. पोरं फोनवर सिनेमे पाहतात, आमचे मेसेज पाहत नाहीत, त्याले मी काय करू?"

"कोणत्या नंबरवर गेला?"

"ते असं फोनवर सांगता येत नाही. पत्र द्या, मग देतो."

बरोबर बोलला. मी पत्र काढलं, जावक क्रमांक टाकला आणि शिपायाच्या हाती पाठवलं. पण सरकारी पत्राची चाल मला ठाऊक होती, आणि शुक्रवार उंबऱ्यावर होता.

त्याच संध्याकाळी वैशालीची खोलीतली मैत्रीण ठाण्यात आली. दारातच घुटमळली. हवालदार काका म्हणाले, "ये ना वं पोरी, काहून घाबरते? इथं पकडून ठेवत नाही कोणी, जागाच नाही."

ती हसली आणि बसली. तिनेही त्याच फेलोशिपसाठी अर्ज केला होता, तोही सरांनीच भरलेला. आणि ती मुलाखतीला गेली होती. वैशालीला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिली होती.

"तुला मेसेज आला होता?"

"नाही मॅडम. मले सरांनी फोन करून सांगितलं. सोमवारी मुलाखत आहे म्हणाले, आणि दुसऱ्या कोणाले सांगू नको, ज्याचं त्याले मी कळवतो. मले वाटलं वैशालीची दुसऱ्या दिवशी असेल." मग खाली बघत म्हणाली, "माझा प्रस्ताव कच्चा होता. सरच म्हणाले होते. मग मले सांगितलं, तं तिले काहून नाही?"

माझ्या डोक्यात चित्र स्पष्ट झालं. पण डोक्यातलं चित्र कोर्टात चालत नाही, पुरावा लागतो.

गुरुवारी सकाळी चौघांना बोलावलं. सरांनाही निरोप दिला, की मुलांना आधार वाटेल, तुम्ही या. सर आले. पुन्हा चहा सांगायला निघाले. मी म्हटलं, आज चहा ठाण्याचा. संगणकावर फेलोशिपचं संकेतस्थळ उघडलं, वैशालीला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "तुझ्या खात्यात जा."

"पासवर्ड आठवत नाही मॅडम."

"मग 'पासवर्ड विसरलात' वर दाब. तुझ्या नंबरवर आकडे येतील."

तिने दाबलं. पडद्यावर ओळ आली, की नोंदणी केलेल्या मोबाईलवर सांकेतिक क्रमांक पाठवला आहे. वैशालीने आपला फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे टक लावली. फोन गप्प.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरांचा खिसा वाजला.

सरांनी खिशावर हात ठेवला. हवालदार काका अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, तुमचा फोन वाजून राहिला जी. पाहा ना, पोरीचे आकडे आले असतील."

मी गणितवाल्याला बसवलं. त्यानेही तेच केलं. खिसा पुन्हा वाजला. लोकगीतांवाली खुर्चीत बसायच्या आधीच सर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, यात लपवण्यासारखं काही नाही. ही पोरं सिम बदलतात, रिचार्ज संपतो, म्हणून मी माझा नंबर टाकतो. सगळ्यांचाच टाकतो. सेवा आहे ही."

खरं सांगायचं तर नागपुरात हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. अर्ज ज्याने भरला, नंबर त्याचा. इंग्रजीत पानंच्या पानं सूचना, घटकाभरात बंद पडणारं संकेतस्थळ, विद्यापीठाच्या मार्गदर्शन कक्षाला कुलूप. मग मुलं काय करणार? ज्याला येतं त्याच्या हातात आपलं नशीब देऊन टाकायची. माझा संताप मुलांवर नाही. ज्यांनी दार इतकं अरुंद ठेवलं की दलालाशिवाय आत शिरता येऊ नये, त्यांच्यावर आहे.

दोन पंच बोलावले, एक चहावाला आणि एक झेरॉक्सवाला. पंचनामा करून फोन जप्त केला. चौघांच्याही मुलाखतीचे मेसेज त्यात होते, आणि चारही उघडून वाचलेले. क्लासच्या मुलांचे मेसेज मात्र लगेच पुढे पाठवलेले. मुलांना बाहेर बसवलं आणि सरांना समोर घेतलं.

मी आवाज चढवला नाही. आधी क्लासबद्दल विचारलं. किती वर्षं झाली, भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो लावता का. त्यांनी अभिमानाने सांगितलं, लावतो. मग विचारलं, "त्या भिंतीवर फुकट अर्ज भरलेल्यांचे फोटो असतात?"

त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं.

"मेसेज सोमवारच्या आधी आले होते. चौघांना सांगायचं राहून गेलं?"

"हो. गडबडीत राहून गेलं."

"कच्च्या प्रस्तावांच्या मुलांना सांगायचं नाही राहिलं. क्लासमधल्या एकाचंही नाही राहिलं. ज्यांना तुम्ही 'तुझं पक्कं आहे' म्हणालात, नेमके तेच चौघे राहिले. सर, गडबड फार हुशार आहे तुमची."

ते एकदम उसळून बोलले, आणि पहिल्यांदाच खरं बोलले. "मॅडम, फुकटवाले पोरं माझ्या क्लासच्या पोरांच्या पुढे जाऊन राहिले होते! जागा मोजक्या. सगळ्या त्यांनीच नेल्या, तं क्लासले कोण येईन? मी का उपाशी मरू?"

हवालदार काकांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मुलगी बारावीला. म्हणाले, "सर, तुम्ही पोरायचे प्रस्ताव वाचून चांगले निवडले, आणि चांगलेच कापले. खाटिक बी असा नाही करत गा."

फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कायद्याने लगेच अटक करता येत नव्हती, नोटीस देऊन त्यांना सोडावं लागलं, याचा राग मला आजही आहे. खटला सुरू आहे. पण त्या दिवशी माझ्यापुढे आरोपीपेक्षा शुक्रवार मोठा होता.

शुक्रवारी सकाळी ठाणेदार साहेबांच्या सहीचं पत्र घेऊन मी चौघांसोबत निवड समितीपुढे गेले. अध्यक्षांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "सहानुभूती आहे. पण गैरहजर उमेदवाराला पुन्हा बोलवायची नियमात तरतूद नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशाली पुढे झाली. "सर, मी गैरहजर नव्हती. मले बोलावलंच नव्हतं. हे पोलिसांनी लिहून दिलं आहे. तरी तुम्ही गैरहजर म्हणत असाल, तं तसं मलेही लिहून द्या. मी ते घेऊन पुढे जाईन."

अध्यक्षांनी चष्मा काढला. सदस्यांकडे पाहिलं. त्यांतल्या एका ज्येष्ठ बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्या म्हणाल्या, "लिहून देण्यापेक्षा प्रश्न विचारलेले बरे."

चौघांच्याही मुलाखती त्याच दिवशी झाल्या. मी बाहेर गणवेशात उभी होते, येणारे-जाणारे बघत होते की पोलीस कशाला आलेत. वैशाली बाहेर आली तेव्हा घामाघूम होती. "मॅडम, त्यांनी विचारलं, बायका खोकल्याची तक्रार डॉक्टरकडे काहून करत नाहीत. मी म्हटलं, केली तं दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर घेत नाहीत. सगळे लिहून घ्यायले लागले. माझं काही चुकलं का जी?"

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. गणवेशात रडायचं नसतं म्हणून वर पंख्याकडे पाहिलं.

तिची निवड झाली. मातीवाल्याची आणि लोकगीतांवालीचीही झाली. गणितवाल्याची नाही झाली. पण तो मला येऊन म्हणाला, "मॅडम, या वेळी मी हरलो तं माझा मीच हरलो. चालते." पुढच्या वर्षी त्याने अर्ज स्वतः भरला आणि फेलोशिप मिळवली. वैशाली आता भिवापुरात बायकांची तपासणी करते, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शेजारी मांडी घालून. सेवेत मला शाबासकीची पत्रं मिळाली, ती कुठे ठेवली आठवत नाही. या चौघांचा अभिमान मात्र मी ताठ मानेने मिरवते.

या केसने मला शिकवलं ते असं. गरिबाच्या मुलाला कुणी उपकार म्हणून दार उघडून देतो, तेव्हा किल्ली कुणाच्या खिशात राहते ते बघायचं. ठाण्यात बसून मी एका सरांना पकडू शकले. पण अर्ज भरता येत नाही म्हणून मुलं दलालाकडे जात राहणार होती, आणि त्यावर कोणतंही कलम नाही. म्हणून मी नोकरी सोडली. आता आम्ही काही जण रविवारी हुडकेश्वरच्या एका अभ्यासिकेत बसतो. कोणती फेलोशिप कुठे शोधायची, पात्रता कशी वाचायची, प्रस्ताव किती शब्दांत मांडायचा, मार्गदर्शकाची सही वेळेत कशी मिळवायची, सगळं सांगतो. टंकलेखनाला मात्र आमच्यापैकी कुणी बोट लावत नाही. चुकलं तर चुकू दे, मुलांनीच टंकायचं. आमच्यावर मुलं चिडतात. चिडू देत. स्वतः भरलेला अर्ज पाठवताना त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आता तुम्ही. हो, वाचणारे तुम्ही. तुमचा, तुमच्या मुलीचा, तुमच्या विद्यार्थ्याचा अर्ज कुठे भरलेला असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि आत्ता खातं उघडा. त्यात मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आज संध्याकाळच्या आत बदला. आणि तुम्ही प्राध्यापक असाल, तर उद्या सकाळी आपल्या विभागातल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला समोर बसवून हेच करून घ्या. करा, आणि मगच झोपा.