वायब्रेशनबाईंची गाडी

बाई आधी हात ठेवायच्या, मग बोलायच्या. आम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये नवीन राहायला आलो तेव्हा त्या ओळख करून घ्यायला आल्या. बायकोने "बसा ना" म्हटलं, तर बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजच्या पाठीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. चहा झाला, गार झाला, तरी बाई तिथेच. मग म्हणाल्या, "याचा एक पाय अधांतरी हाय, म्हनून घुरघुर करून राह्यला." पुठ्ठ्याची एक घडी पायाखाली सरकवली आणि फ्रिज गप्प झाला. आमची ओळख ही अशी फ्रिजच्या मध्यस्थीने झाली.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात बाई टर्बाइनची थरथर मोजायच्या. त्यासाठी यंत्र होतं, त्यावर आकडे उमटत, ते वर साहेबांकडे जात. पण यंत्र लावण्याआधी बाई टर्बाइनवर हात ठेवत आणि तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा चेहरा करत. "यंत्र सांगते किती, हात सांगते काऊन," असं त्यांचं म्हणणं; काऊन म्हणजे का. सगळी वसाहत त्यांना वायब्रेशनबाई म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात काही वाटत नसे. मी कंट्रोल रूममधला. दिवे बघत बसायचं आणि जमलं तर स्वप्नं बघायची, हे माझं काम. बाईंसारखी माणसं होती म्हणून माझ्यासारख्यांची नोकरी निभावली.

मोठ्या दुरुस्तीनंतर टर्बाइन पूर्ण वेगाने फिरू लागलं की आमच्याकडे एक रिवाज होता. पाच रुपयांचं जुनं जाडजूड नाणं बेअरिंगच्या झाकणावर कडेवर उभं करायचं. खाली एवढं धूड गरगरतंय आणि वर नाणं निवांत उभं आहे, असं झालं की काम फत्ते. मग पेढे. ते नाणं ठेवायचा मान बाईंचा. त्यांचं नाणं ठरलेलं असे, आणि ते त्या पर्सच्या वेगळ्या कप्प्यात जपून ठेवत. नाणं उभं राहिलं की बाई इतक्या गोड हसायच्या की पेढा त्यापुढे फिका वाटावा.

अशा बाईंनी एक दिवस बारा सिलिंडरची गाडी घरी आणली. आणली म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून ओढत आणली. परदेशी, लांबलचक, कोणे एके काळी गडद निळी असावी अशी. आत खारींनी संसार थाटलेला, गाद्यांतला कापूस बाहेर. वसाहतीला विषयच मिळाला. "बाई, हे गाडी वळवाले तं बल्लारपूरपर्यंत जा लागंल," एक म्हणाला. "बारा बैल लावून आमच्या आज्यानंबी नांगर नाई हाकला," दुसरा म्हणाला. बाईंनी हसून घेतलं. हौसेला मोल नसतं, असं म्हणून आम्हीही सोडून दिलं.

पण ती हौस नव्हती. ते मला पुढे, त्यांच्या क्वार्टरशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच्या दुरुस्तीला नटबोल्टचे पाने देता देता कळलं. ती गाडी आलापल्लीकडे तेंदूपत्त्याचा ठेका घेणाऱ्या एका शेठची, आणि बाईंचे वडील त्या शेठचे ड्रायव्हर. त्यांची उमेदीची वर्षं त्या गाडीच्या स्टिअरिंगवर गेली. बाई नोकरीला नुकत्या लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. शेठ ब्रह्मपुरीकडे आले की कुणाच्या तरी मोठ्या घरी जेवायला थांबत, आणि बाबा बाहेर गाडीच्या सावलीत मातीवर बसून डबा खात. बाईंनी एकदा विचारलं, "बाबा, मांगच्या सीटवर बसले का जी कधी?" बाबा मोठ्याने हसले. "म्या मांगं बसलो तं चालवंल कोन?" बाबा हसले, पण लेकीला हसू आलं नाही. शेठ माणूस चांगला होता, दिवाळीला कपडे द्यायचा, पण मागची सीट ती मागची सीट. हा घास बाईंच्या घशात कायमचा अडकला होता.

शेठ गेले. गाडी त्यांच्या बंद पडलेल्या, लाकूड कापायच्या आरा मशीनच्या शेडमध्ये धूळ खात राहिली. मुलांना जागा मोकळी हवी होती. बाईंनी मागितली, त्यांनी आनंदाने दिली. तोवर बाबा बाईंकडेच राहायला आले होते. काचबिंदूने नजर नेलेली, कानही जवळजवळ गेलेले. दिवसभर व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. पांढरा सदरा मात्र रोज इस्त्रीचा. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर सारखी वाजत असायची. तर्जनीपासून एकापाठोपाठ एक भराभर पडत, आणि दर तिसऱ्या फेरीला करंगळी तेवढी पडायची राहून जाई. म्हातारपणाचा कंप, असं आम्ही समजत होतो. साऱ्या जगावर हात ठेवणाऱ्या बाईंनीही त्या बोटांवर कधी हात ठेवून बघितला नाही.

"बाबाले मांगं बसवाचं हाय, भाऊ," बाई मला म्हणाल्या. "शेठच्या जागेवर. अन् तेव्हा समोर इंजिनवर नाणं उभं पाह्यजे. बाबाले आत्ता काई सांगू नोका. बसले का आपोआप वळखतीन." मग शेडच्या दारातून व्हरांड्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "बाबा जाच्या आधी झालं पाह्यजे, बस."

बारा सिलिंडर म्हणजे सहा-सहाच्या दोन रांगा, एकमेकींपासून जरा कलून बसलेल्या. प्रत्येक रांगेचं पेट्रोल वेगळं, ठिणगी वेगळी, रुसवेफुगवे वेगळे. डावी सुरात आली की उजवी बिघडायची. "एका घरी दोन चुली हाय ह्या," बाई म्हणत, "पन जेवाले संगंच बसले पाह्यजे." काही भाग बाईंनी परदेशातून मागवले, काही स्वतः घडवले. गाद्या नव्या केल्या, स्टिअरिंगवर नवं चामडं शिवून घेतलं, गिअरच्या दांड्याची झिजलेली मूठसुद्धा बदलली. बापाच्या पाठीला जुनं काही टोचू नये, म्हणून. मडगार्डवर तळहात ठेवून डोळे मिटत आणि दुसऱ्या हाताने एखादा स्क्रू केसभर फिरवत. मग कितीतरी वेळ नुसत्या उभ्या.

त्या उन्हाळ्याच्या दुपारी मला अजून आठवतात. पत्रा तापलेला, कूलरची घरघर, लांब चिमणीचा धूर आकाशात तसाच टांगून ठेवल्यासारखा. विटांच्या ढिगावर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. इंजिनचा आवाज झोपेत शिरायचा आणि मला दिसायचं, की ती निळी गाडी सागवानातून जाते आहे, पानं वाजत नाहीत, धूळ उडत नाही, मागच्या सीटवर पांढरा सदरा घातलेले बाबा बसले आहेत. तेवढ्यात बाई हाक मारत, "भाऊ, पाना!" मी दचकून कुठलातरी पाना पुढे करायचो, तो हमखास चुकीचा असायचा. बाई कधी रागावल्या नाहीत. माझ्या स्वप्नांचा त्यांना फायदा नव्हता, पण त्रासही नव्हता.

सगळं झालं तरी इंजिनात एक बारीकशी लंगड राहत होती, एखादा ठोका चुकल्यासारखी. मला कळायचीही नाही. बाईंच्या हाताला कळे. नाणं उभं राहायचं, थरथरायचं, पडायचं. त्याच पावसाळ्यात बाबा आजारी पडले. दवाखान्यातून परत आले तेव्हा सदऱ्यात माणूस कमी आणि सदराच जास्त होता. बाई ड्यूटीवरून आल्या की बाबांना जेवू घालून थेट शेडमध्ये. अखेर सापडलं. डाव्या रांगेतला अगदी शेवटचा, बाईंच्या मोजणीतला बारावा सिलिंडर. त्याला पेट्रोल सोडणाऱ्या जागी एक वायर येते, ती वरून धडधाकट आणि आतली तार तुटलेली. "कितीक वर्सांपासून तुटली असंल, कोनाले समजलंबी नाई," बाई म्हणाल्या. तार बदलली, गाडी सुरू केली, नाणं ठेवलं. नाणं उभं राहिलं. मी टाळ्या वाजवल्या, बाई पदराने डोळे पुसत राहिल्या.

मोहफुलं पडण्याचे दिवस आले आणि बाबांना जरा बरं वाटू लागलं, तेव्हा एका पहाटे आम्ही निघालो. बाईंनी बाबांचा हात धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. मी पुढे, बाईंच्या शेजारी. बाईंनी चावी फिरवली. आम्ही दोघं आरशातून मागे बघत होतो. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "चालू कर नं, बेबी."

निवृत्तीला आलेल्या लेकीला ते अजून बेबीच म्हणत. "चालूच हाय नं, बाबा!" बाई मागे वळून, त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

मूल गावाकडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जंगल, खाली धुकं, मोहाचा तो जड गोड वास. टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बायका मान वर करून बघत आणि पुन्हा वाकत. गाडी चालत नव्हती, तरंगत होती. माझं झोपेतलं स्वप्न जागेपणी चाललं होतं. चिचपल्लीच्या पुढे बाईंनी एका मोहाखाली गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, आणि मागे वळून विचारलं, "बाबा, वळखली का जी?"

"मोठी गाडी हाय. लय चांगली हाय."

"शेठची हाय, बाबा! तुमची गाडी. तुमी शेठच्या जागेवर बसले हा!"

बाबांनी सीटवरून हात फिरवला, दारावरून फिरवला. पुढच्या सीटच्या पाठीला धरून वाकले आणि तळहात पसरून बराच वेळ तसाच ठेवला. बाई हात ठेवायला कुणाकडून शिकल्या, ते मला त्या क्षणी दिसलं. मग बाबांनी मान हलवली. "नाई, बेबी. शेठची गाडी मले ठाव हाय. हे ते नाई. तुले कोनीतरी ठगवलं." आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून लगेच म्हणाले, "पन चांगली हाय हो. बसाले मस्त हाय."

बाईंचा चेहरा बघवेना, म्हणून मी बाहेर बघू लागलो. त्या उतरल्या, बॉनेट उघडलं. मीही मागून गेलो. त्यांनी सवयीने पर्समधून नाणं काढलं आणि इंजिनवर उभं केलं. नाणं तसूभर हललं नाही. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. इतके दिवस ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते समोर उभं होतं. मग त्यांनी हात आत घातला, अगदी मागे, काचेच्या बाजूला, आणि बाराव्या सिलिंडरची ती वायर खेचून काढली.

"बाई, काय करता!" मी ओरडलो. नाणं थरथरलं, पडलं आणि इंजिनच्या पोटात कुठेतरी खणखणत गेलं.

बाईंनी मागचं दार उघडलं. "बाबा, समोर या," म्हणाल्या. आम्ही दोघांनी त्यांना धरून स्टिअरिंगसमोर बसवलं. बाबांनी दोन्ही हात चक्रावर ठेवले. मग डाव्या हाताची बोटं वाजू लागली, एकापाठोपाठ एक, भराभर, आणि तिसऱ्या फेरीला करंगळी तेवढी पडायची राहून गेली.

"लंगडी!" बाबा ओरडलेच. "बेबी, लंगडी हाय हे! माही लंगडी! कुठी होती वं तू?" त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. "शेठले कधी समजलं नाई. मांगच्या सीटले काय समजते? स्टेरिंगवाल्यालेच समजते. म्या मिस्तरीले सांगतलंच नाई कधी. मनलं, राहू दे, हे आपल्या दोघाईतलं हाय."

आपण बापाला मान द्यायला निघालो आणि त्याचं होतं नव्हतं ते काढून घेतलं, हे बाईंना कळायला अजून काही ऐकायची गरज नव्हती. त्या दाराला धरून रडल्या, मोकळेपणाने रडल्या. बाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी गळ्यापाशी सदरा नीट केला, मान ताठ केली आणि म्हणाले, "बस, बेबी. मांगं बस. कुठी जाचं हाय?"

"तुमी न्याल तिथी, बाबा," असं त्यांच्या कानात सांगून बाई मागे बसल्या. गाडी जागची हलली नाही, पण बाबांनी चालवली. नाला आला सांगितलं, चढ आला सांगितलं, हरणाला वाट दिली. आलापल्लीच्या सागवानात शिरताना आवाज खाली आणला. वरून मोहाची फुलं टपटप बॉनेटवर पडत होती. बाई मागच्या काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बाप, लेक आणि लंगडी अशा त्या तिघांना बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वेगळं स्वप्न बघायची गरज वाटली नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. शेवटच्या दिवसांत बाई त्यांच्या बोटांवर हात ठेवून बसून असत. वर्ष सरलं, बाई निवृत्त झाल्या, क्वार्टर रिकामं करायची वेळ आली. सामान टेम्पोने पुढे गेलं. बाई गाडी घेऊन ब्रह्मपुरीकडे, गावच्या घरी निघाल्या. निरोप द्यायला सारी वसाहत जमली होती, टिंगल करणारेही होते आणि त्यांचे डोळेही ओले होते. गाडी सुरू झाली. इतकी वर्षं शेजारी राहून मला एक गोष्ट जमू लागली होती. मी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि ती बारीक लंगड मला लागली.

"बाई," मी म्हटलं, "वायर अजून जोडली नाहीत?"

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बॉनेटवरच्या माझ्या हाताकडे बघून हसल्या, नाणं उभं राहिल्यावर हसायच्या तशा.

"अकरा माहे हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "बारावा बाबाचा."