गाठीची कड

दारूबंदीच्या पत्रकात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘ज्याचं लिव्हर सडलं, त्यानं बाटलीच रिचवली.’ पातूरच्या बायांनी ते मोर्चात ओरडून म्हटलं. सगळ्यात पुढे माझी माय होती. झेंडूच्या मळ्यात राबणारी, दारूचा वासही न सोसणारी. ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दिवस. रोज कशावर तरी पत्रक निघे, आणि लिहिलेलं खरं आहे का, हे पाहायला मला सवड नव्हती.

त्याच वर्षी मायच्या रक्तात जुन्या काविळीचा विषाणू सापडला. लिव्हर कडक झालं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं, “दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. अशा लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते. लहान असताना सापडली तर सुईनं जाळता येते. कापायचं ऑपरेशन हिला झेपणार नाही.”

माय एकदा गेली. पुढच्या दोन्ही खेपांना घरी येऊन म्हणाली, “साफ हाय म्हने.” मी कागद मागितला नाही. मला सभेला जायचं होतं.

पोटात दुखू लागलं तेव्हा तपासणीत गाठ सापडली. लिंबाएवढी झाली होती, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली. मी चिडून विचारलं, “खरंच गेली होतीस ना?”

“दुसऱ्या खेपेले दवाखान्याच्या बाकावर मोर्चातली बाई भेटली. हासून म्हने, काकू, तुमी इथं कावून? तुमीबी चोरून घेता का वो? तशीच मांगं फिरली मी. मंग गेलीच नाही. तूच तं लिहिलं होतं. मी चौकात ओरडली. आता माह्यं लिव्हर खराब हाय, हे सांगू कोनाले?”

पत्रकातलं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तिच्याच आवाजात, मोर्चातल्यासारखं खणखणीत.

अमरावतीला महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी पोटातून सुई घालून गाठ जाळली. पुढच्या महिन्यात त्यांनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली.

“मधलं मेलंय. ही कड जिवंत आहे. शेजारून रक्त वाहतं, ते उष्णता वाहून नेतं. तिथं पुरतं जळत नाही.”

“पुन्हा करा,” मी म्हटलं.

“आता लिव्हर सोसणार नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर...”

“राहू द्या डॉक्टरसाहेब,” माय म्हणाली, “पोरीसमोर नका बोलू.”

बडनेऱ्याला अकोल्याची गाडी धरली. समोरच्या बाईनं विचारलं, “दवाखान्यातून आले का वो? काय झालं मायले?”

“पित्ताचा खडा होता,” माय बोलली.

बाई माझ्याकडे वळली. “निंघाला का मंग सगळा?”

माय खिडकीबाहेर बघत होती. चौकात भोंग्यावर तासभर बोलणारी मी.

“हो,” मी म्हटलं. “सगळा.”