कवेलूची फेक

ओल्या कवेलूंचा, छपरावरच्या मातीच्या कौलांचा, वास आला की मला चांदा शहरात झालेली ती मुलाखत आठवते. आमच्या शेतातला धान वर्षभर पुरत नसे, म्हणून मायबाप उन्हाळाभर लोकांची घरं शाकारायला जात. बाप छपरावर बसायचा, आई खालून एकेक कवेलू वर फेकायची. "घे" म्हणायचं आणि वरून "हं" आलं तरच हातातलं सोडायचं, हा त्यांचा नियम. मी मॅट्रिक झालो तेव्हा नागपूरच्या कॉलेजात राहण्या-जेवण्याची फुकट जागा एकच होती. ती हुकली असती तर मीही छपरावरच चढणार होतो. त्या जागेसाठी चांद्याला झालेल्या मुलाखतीत इंग्रजीच्या प्राध्यापकांनी 'चक' (chuck) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला. "फेकणे," मी म्हणालो. "कुत्र्याला दगड मारतात तसं?" "नाई सर, हलकं. मनगटानं." ते दाखवायला मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि सवयीनं म्हणालो, "घ्या." त्यांच्या तोंडून नकळत "हं" निघालं आणि मी तो सोडला. सरांनी तो छातीशी झेलला. "अबे, काय करून राह्यला?" दारातला चपराशी ओरडला. सरांनी मात्र जाडजूड कोश उघडला. लेकराच्या हनुवटीखाली लाडानं हलकेच थोपटणं, हा त्या शब्दाचा जुना अर्थ निघाला. अलगद फेकणं बहुधा त्यातूनच आलेलं. "हे कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "आईनं." घरी आल्यावर सगळं सांगितलं, तर आईनं एवढंच विचारलं, "फुटला तं नाई ना?" फुटला नव्हता. ती जागा मला मिळाली आणि तिथं राहून मी बी.ए. झालो, आमच्या गावातला पहिला.