पूर्णाच्या गेटवर कॅप्टन बोलतोय

भिवंडीचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडून बसला असाल. आता हा खड्डे सांगणार, ट्रकांची रांग सांगणार, लूमची खटखट तोंडाने वाजवून दाखवणार. येते मला वाजवता. पण मी भिवंडीला गेलो होतो पायलट बघायला. तिथे विमानतळ नाही, हे मलाही माहीत आहे. उगाच भूगोल शिकवू नका.

मुरबाडहून सकाळची एसटी पकडली. कंडक्टरच्या आवाजात "चला, आत सरका" म्हणून खिडकी मिळवली. मग खरा कंडक्टर आला आणि खिडकी गेली. कल्याणला गाडी बदलून, उभ्या उभ्या डुलक्या घेत वळ गावात आत्याकडे पोचलो. रस्त्याला दोन्ही अंगांनी गोदामंच गोदामं. एकेक इतकं लांब, की एका भिंतीला सोलायला घेतलेलं केळं भिंत संपायच्या आत खाऊन झालं. मध्येच एखादं भाताचं खाचर, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलेलं.

आत्याने "जेवलास का?" विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) पुढ्यात आलं. तिचा मुलगा निलूदादूस (दादूस म्हणजे थोरला भाऊ) विमान कंपनीत कॅप्टन आहे. मी कडक इस्त्रीचा गणवेश डोळ्यांपुढे आणून गेलो होतो. हा लुंगीवर बसून लसूण सोलत होता. आवाज इतका बारीक की आत्या म्हणाली, "याचा आवाज विमानातच ऱ्हातो." मी लई गळ घातली तेव्हा त्याने तो काढून दाखवला. जाड, संथ, सायीसारखा. "नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय." भाकरी संपेपर्यंत तो आवाज माझ्याही घशात येऊन बसला होता.

"चल पूर्णाला," निलूदादूस म्हणाला. "मंदाताईनं बोलवलाय."

मंदाताई आत्याची शेजारीण. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची पुढारी. कंपनीने ही सगळी माणसं ठेकेदाराकडे द्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून गेटवर नारिंगी जॅकेटांचा ढीग. जो जॅकेट घालून आत गेला, तो ठेकेदाराचा झाला. काम तेच, पोती तीच. फक्त उद्या ठेकेदाराला नको झालात तर कंपनी ओळख दाखवणार नाही. कुणीच घालायचं नाही असं ठरवून सगळे बाहेर बसले होते. पण ऊन चढत होतं, आणि एकेकाचे डोळे ढिगाकडे जात होते.

"यो पायलट?" एकाने निलूदादूसच्या चपलांकडे पाहिलं. "मंत्र्याच्या गाडीपुढला?"

"विमानाचा," मंदाताई म्हणाली. "आपल्या वळचा पोर हाय."

पूर्वी लूमवर असलेला एक भाई हसला. "विमानवाला इधर क्या करेगा? बोरी उतारेगा?"

निलूदादूस बोलायला उभा राहिला. पहिल्या ओळीलाच त्याचं बोलणं ऐकू जाईना. तेवढ्यात एका पोराने जॅकेट उचललं आणि एक हात बाहीत घातला. मंदाताईने डोळे मिटले. हा एक गेला की मागून सगळे जाणार.

शेजारी कांदेवाल्याचा टेम्पो उभा होता, वर भोंगा. मी आत घुसून बटण दाबलं. "कांदा घ्या, बटाटा घ्या!" सगळं गेट वळून बघायला लागलं. मग माइकचं बटण सापडलं आणि मी निलूदादूसचा विमानातला आवाज लावला.

"नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय. बाहेरचं हवामान गरम आहे. कृपया आपापल्या जागी बसून राहा. जॅकेट विमान पाण्यात पडल्यावरच घालायचं असतं. आपण अजून रस्त्यावर आहोत."

असा हशा उसळला की पोराचा हात बाहीतून बाहेर आला. टाळ्या पडल्या की माझं डोकं फिरतं. म्हणालो, "आणि जोवर ही जॅकेटं परत जात नाहीत, तोवर आमचं एकही विमान उडणार नाही!"

शिट्ट्या, आरोळ्या. मोबाइल वर झाले. निलूदादूस धावत टेम्पोपाशी आला. त्याने माझ्या हातातून माइक हिसकावला. सायीचा आवाज काही आला नाही, वळचाच आला.

"ए, ऐका रं. विमानं उडनार. यो माझा मामेभाऊ, नकला करतो. खोटा बोलला."

वर गेलेले मोबाइल खाली आले.

"पर मी खरा आलोय. आमच्याकडं बी ह्योच चालू हाय. कंपनी दुसऱ्याचा विमान भाड्यानं आनते, त्याच्यासंगती पायलट बी भाड्याचा. बाहेरून रंग आमचा, आतली मानसं दुसऱ्याची. आमची युनियन भांडते, आमचा काम आमाला ठेवा म्हनून. तुमची जॅकेटं आयकली नि घरात बसवंना. आज सुट्टी हाय माझी. सांजपर्यंत बसतो हितं."

आणि चपला काढून त्यांच्यावरच बसला. मला वाटलं, संपलं, आता सगळे आत जाणार. त्या पोराने जॅकेटाची घडी घातली, ढिगावर ठेवली आणि याच्याजवळ आला. "सरक जरा, कप्तान." भाईने लांबूनच विचारलं, "कप्तान साब, चाय चलेगा?"

दुपारनंतर ट्रकांची रांग हायवेला टेकली, तेव्हा कुठे कंपनीचा साहेब बाहेर आला. मंदाताईशी बोलणी होईपर्यंत जॅकेटं ढिगातच राहतील, माणसं जुन्यासारखीच आत येतील. एवढंच कबूल केलं त्याने. बोलणीत काय होईल, देव जाणे. तरी मंदाताई जाता जाता निलूदादूसला म्हणाली, "तुमच्या टायमाला आमी येऊ. विमानतलाचा गेट कंच्या नाक्याव हाय, सांगून ठेव फक्त."

दुसऱ्या दिवशी परतताना आत्या आणि दादूस मला अकलोलीच्या गरम कुंडावर घेऊन गेले. वाटेत दादूसचा फोन सारखा वाजत होता. माझं विमान-बंदीचं भाषण त्याच्या युनियनवाल्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं. "हो साहेब... नाही साहेब... मामेभाऊ, साहेब." पुन्हा तोच बारीक आवाज.

मी गळ्यापर्यंत पाण्यात. आत्या काठावर, पदर खोचून.

"नकला कर. माझी बी कर. पर त्याच्या तोंडानं शबूद का दिलास? तो पालाया कोन जाईल, तू? येतो का तुला विमान उडवाया?"

सवयच वाईट. तिच्याच आवाजात निघून गेलं, "येतो का तुला विमान उडवाया?"

दादूस फोन कानाला धरूनच फिस्सकन हसला. आत्या नाही हसली. तांब्याभर कढत पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "देवानं तुला सोताचा तोंड दिलाय ना, मुडद्या? का तो बी ठेकेदाराला दिलास?"